दिनू मास्तरांचा उजवा पाय

दिनू मास्तर कुठेही बसलेले असोत, त्यांचा उजवा पाय ब्रेकवर असतो. तिथे ब्रेक असलाच पाहिजे असं काही नाही. न्हाव्याची खुर्ची, लग्नाची पंगत, दवाखान्यातला बाक, काहीही चालतं. समोरून काही वेगानं आलं की मास्तरांची टाच जमिनीला चिकटते, पंजा पुढे दाबला जातो आणि तोंडातून ‘हांऽऽ’ असा बारीक आवाज निघतो. समोरची वस्तू थांबली, की मास्तर आजूबाजूला अशा नजरेनं बघतात, की आपण उठून त्यांचे आभार मानावेत असं वाटतं.

आमची कोल्हापूरची शिवाजी पेठ फुटबॉलवेडी. पेठेच्या पोरानं चेंडू घेऊन गोलकडे मुसंडी मारली की सगळी गॅलरी उभी राहून बोंबलते. मास्तर तेवढे बसल्या जागी ब्रेक दाबतात. पुढच्या पायरीवरच्या माणसाच्या पाठीत त्यांचा पंजा बसतो आणि तो मागे वळून हात जोडतो. “मास्तर, आपलाच पोरगा हाय, जाऊ द्या की त्येला!” मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला एकदा ते विमानानं हैदराबादला गेले होते. विमान उतरताना त्यांनी असा काही ब्रेक दाबला, की पुढच्या सीटवरच्या बाई दचकून मागे बघायला लागल्या. मास्तर त्यांना शांतपणे म्हणाले, “थांबलं न्हवं? मग झालं तर.”

मालूकाकी, म्हणजे मास्तरांच्या मिसेस, याच्याही पलीकडचं सांगतात. त्यांच्या लग्नात अंतरपाट दूर झाला आणि काकी हार घेऊन पुढे झाल्या, तेव्हा मास्तरांचा पाय पाटावर दाबला गेला म्हणे. “तवाच थांबायला पायजे हुतं मी,” काकी म्हणतात आणि चहा आणायला आत जातात.

मास्तरांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे, एवढं सांगितलं म्हणजे पायाचा उलगडा होईल. शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा डावीकडे बसलेल्या मास्तरांच्या पायाखाली. माझं औषधाचं दुकान या स्कूलच्या बरोबर समोर आहे. त्यामुळे मास्तर ही काय चीज आहे ते मी काउंटरमागे उभा राहून इतकी वर्षं बघत आलोय. त्यांच्याच शेजारी बसून मी गाडी शिकलो. पेठेतल्या बहुतेकांची गोष्ट तीच आहे.

गाडीत नवा माणूस बसला, हातापायांना घाम फुटला, की मास्तर एकच वाक्य बोलतात. “घाबरू नगंस. मी हाय की!” ‘मी हाय की’ या तीन शब्दांत काय जादू आहे मला माहीत नाही, पण मेडिकलवाला या नात्यानं सांगतो, रक्तदाबाच्या गोळीपेक्षा लवकर गुण येतो.

आमच्या गल्ल्या कशा आहेत ते बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. एका बाजूला पोरं चेंडू मारतायत, दुसऱ्या बाजूला बंडाआण्णाच्या म्हशी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून विचार करतायत, मध्ये कुणीतरी खुर्ची टाकून पेपर वाचतोय. त्यातून शिकाऊ माणूस उड्या मारणारी गाडी घेऊन येतो. आणि कुणी हलत नाही! परगावचा माणूस घाबरून भिंतीला चिकटला, तर पेपरवाला मान वर न करता सांगतो, “पावणं, भिऊ नका. आत मास्तर हाईत.” एका माणसाच्या पायावर अख्ख्या पेठेनं असा जीव सोपवलेला मी रोज बघत होतो. आजही त्याचं मला नवल वाटतं.

बरं, हा ब्रेक मास्तर सारखा दाबतात म्हणाल तर तसंही नाही. तिथेच त्यांची खरी करामत आहे. “सारखा दाबतोय त्यो मास्तर न्हवं,” ते म्हणायचे. “शिकाऊला वाटतंय गाडी आपुआप थांबती. मग त्यो फुडं कशाला बघंल?” म्हणून ते थांबायचे. म्हैस अगदी बॉनेटशी येईपर्यंत थांबायचे. आता चूक शिकणाऱ्याला कळलीय, पण त्याचा पाय पोचत नाहीय, अशा नेमक्या क्षणी गाडी गपकन उभी राहायची. तो क्षण त्यांना कसा कळायचा, देव जाणे.

शिकाऊंची पहिली चूक मात्र पेठेत ठरलेली. रस्त्यात तालमीचा मारुती लागतो. मारुती दिसला की आमचे दोन्ही हात आपोआप जुळतात, मग ते स्टेअरिंगवर का असेनात. माझे जुळले, तेव्हा गाडी उसाच्या रसाच्या गाड्याकडे निघाली होती. मास्तरांनी ब्रेक दाबला, खाली उतरले आणि मारुतीलाच म्हणाले, “देवा, ह्येचा नमस्कार पोचला. आता ह्येला सांगा, हात जाग्यावर ठेव म्हणून.” मग मला म्हणाले, “गाडीत नमस्कार मनातनं करायचा. देवाला दिसतंय.” स्वतः मास्तर हा नियम इतका कडक पाळायचे, की गाडीत असताना त्यांचे हात जुळलेले मी कधी बघितले नाहीत. अंबाबाईच्या देवळावरून गेले तरी हात मांडीवर आणि पाय ब्रेकवर.

अशा माणसाच्या मुलीनं नेमकी स्वतः ब्रेक मारणारी गाडी घेतली.

स्नेहल ही मास्तरांची एकुलती एक. इंजिनियर झाली आणि शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला लागली. पेठेतल्या पोरींसारखी ती ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलते आणि बापासारखीच कुणाला ऐकत नाही. शोरूममध्ये गाडी बघायला मीही गेलो होतो. सेल्समन मोठा उत्साही. काचेमागचा कॅमेरा दाखवला, पुढचं रडार दाखवलं, आणि म्हणाला, “काका, समोर काही आलं आणि मॅडमचा पाय पोचला नाही, तर गाडी स्वतःच ब्रेक मारते. रेषेबाहेर गेली तर स्टेअरिंगही स्वतः वळवते.”

मास्तर बराच वेळ त्या कॅमेऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मग मी काय करू?”

सेल्समन हसला. त्याला वाटलं, विनोद झाला.

मास्तरांनी काय केलं ते सांगतो. दुसऱ्या दिवसापासून ते स्नेहलच्या शेजारी डाव्या सीटवर जाऊन बसले. सकाळी तिच्याबरोबर शिरोलीपर्यंत जायचं, फाउंड्रीच्या गेटवर उतरायचं, बसनं परत यायचं आणि स्कूल उघडायचं. संध्याकाळी परत बसनं शिरोली, आणि तिच्याबरोबर गाडीतून घरी. “हायवे हाय. ट्रक हाईत. उसाच्या ट्रॉल्या हाईत,” एवढंच कारण. पोरगी चांगली चालवते, हे त्यांनाही मान्य होतं. लायसन त्यांनीच काढून दिलं होतं. पण उतरायला काही ते तयार नव्हते.

थोड्याच दिवसांत त्या नव्या गाडीतली डावीकडची मॅट झिजली. टाचेखाली चक्क भोक पडलं. शोरूमवाले म्हणाले, ड्रायव्हरच्या बाजूची झिजलेली आम्ही रोज बघतो, ही पहिल्यांदाच बघितली. त्या बाजूला ब्रेक नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

स्नेहल एक दिवस माझ्या दुकानात येऊन रडकुंडीला आली. “काका, गेटवरचा वॉचमन पप्पांना सलाम मारतोय आन् मला इच्यारतोय, मॅडम, अजून शिकालाय व्हय? गाडीला मागं शिकाऊचा एल न्हाई लावल्याला, खरं पप्पा बसले की लावल्यागत वाटतंय. सांगा की त्यास्नी! मला एकटं जायाचं हाय.”

मी सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं, आणि दोन बोटं वर केली. “दोन मास्तर एका गाडीत बसत न्हाईत, ह्ये मला बी कळतंय. एकानं उतरायचं. खरं त्यो नवा मास्तर कसा हाय, बघितल्याशिवाय मी पोरगी त्येच्या हातात देणार न्हाई. आधी परीक्षा. पास झाला, तर मी उतरतो.”

झालं. रविवारी पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका मोकळ्या माळावर परीक्षा ठरली. जाताना गाडी मला चालवायला दिली. शहराबाहेर पडलो, रस्त्याला नवे पांढरे पट्टे मारलेले, गाडी एकदम गुळगुळीत चाललेली. तेवढ्यात लांबून जोतिबाचा डोंगर दिसला. आता जोतिबा दिसल्यावर हात जुळणार नाहीत, तो कोल्हापूरचा कसला? माझा नमस्कार जरा लांबतोही. डोळे उघडले, तर स्टेअरिंग स्वतःच किंचित वळत होतं, गाडी पट्ट्याच्या आत येत होती आणि पडद्यावर दोन हातांचं चित्र येऊन पीं पीं ओरडत होतं. हात जागेवर ठेव, असं ते सांगत होतं.

शेजारी मास्तर आऽ वासून पडद्याकडे बघत होते. माझ्यावर चिडायचंही त्यांना सुचलं नाही. “आयला,” ते म्हणाले, “ह्ये तर माझंच वाक्य हाय!” आणि पुढे माळ येईपर्यंत ते त्या चित्राकडे वाकून वाकून बघत राहिले. नव्या मास्तरांबद्दल त्यांना आदर वाटायला लागला, तो तिथून.

परीक्षा मात्र फसली. माझ्या दुकानातले थर्माकोलचे खोके एकावर एक रचून मास्तरांनी त्यांना जुना शर्ट घातला होता. स्नेहल चालवायला बसली, मी मागे. मास्तर डावीकडे मांडी घालून बसले, म्हणजे सवयीनं पाय दाबून त्यांची मदत व्हायला नको. नसलेल्या ब्रेकची एवढी काळजी घेणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. गाडी निघाली आणि थेट खोक्यांत घुसली. माळावर थर्माकोलचा पाऊस पडला.

“नापास!” मास्तर आनंदानं ओरडले.

स्नेहलनं गाडीचं पुस्तक काढून वाचून दाखवलं. गाडी माणूस ओळखते, वाहन ओळखते, खोक्यांचं ती सांगत नाही. मास्तर विचारात पडले. मास्तर हट्टी असले तरी अन्याय करणारे नाहीत. “म्हंजे खोक्याला माणूस समजत न्हाई. तसं बघितलं तर शानाच हाय,” ते म्हणाले. “मग मी उभारतो फुडं.”

“पप्पा, खुळं झालासा काय?” स्नेहलनं किल्लीच काढून घेतली. “तुम्ही उभारणार असला तर मी गाडी हलवणार न्हाई.”

मग बंडाआण्णाच्या म्हशीचा विषय निघाला. बंडाआण्णा हौसेनं म्हैस घेऊन आलेच होते. दिवाळीच्या पाडव्याला ते याच म्हशीला मोरपिसं लावून मोटारसायकलमागे पळवतात, त्यामुळे गाड्यांची तिला भीती नाही. पण थर्माकोलची गत बघितल्यावर बंडाआण्णांनी म्हशीच्या गळ्यात हात टाकला. “मास्तर, तुमचा त्या गाडीवर विश्वास न्हाई, आन् उभी करायची व्हय माझी म्हैस?” एवढं बोलून ते म्हैस घेऊन चालू पडले.

परतताना गाडीत मास्तर म्हणाले, “माझ्या शिकाऊंच्या गाडीफुडं समदी पेठ उभी ऱ्हायची. ह्येच्याफुडं एक म्हैस उभी ऱ्हाईना.” मला वाटलं, यात त्यांना जिंकल्याचा आनंद असेल. तसं काही दिसलं नाही. नव्या मास्तराचा निकाल लागला नाही, म्हणून मास्तर गाडीतून उतरले नाहीत, आणि स्नेहलनंही महिनाभर तो विषय काढला नाही.

खरी परीक्षा झाली ती उसाच्या हंगामात. त्या सकाळी मला शिरोलीला होलसेलवाल्याकडून माल आणायचा होता, म्हणून मी त्यांच्याच गाडीत मागे बसलो होतो. हायवेला आमच्यापुढे दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर होता. इतका लादलेला, की पलीकडचं काही दिसत नव्हतं. स्नेहलनं आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, गाडी बाजूला काढली. आणि ट्रॉलीच्या आडून उलट्या दिशेनं एक मोटारसायकल आली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेला माणूस, डोक्यावर मफलर, आणि सरळ आमच्या तोंडावर.

मी फक्त मास्तरांचा ‘हां’ ऐकला. तोही अर्धाच. त्याआधी गाडीखालून खर्रकन आवाज आला, पट्टा छातीत रुतला आणि गाडी उभी राहिली. दूधवाला आमच्या बॉनेटपासून हातभरावर झोकांडी खाऊन सावरला, आमच्याच नावानं शिव्या देऊन निघूनही गेला. मागचा ट्रक हॉर्न मारत आमच्या मागे थांबला. पडद्यावर एक लाल चित्र क्षणभर चमकलं आणि विझलं. स्नेहलनं एक मोठा श्वास घेतला, गिअर टाकला, गाडी हळूच डावीकडे घेतली. तिचे हात स्टेअरिंगवरून हलले नव्हते.

मी घाबरलो होतो, हे कबूल करायला मला लाज नाही. पण त्याहून जास्त मी थक्क झालो होतो. काचेमागच्या त्या बोटभर डोळ्याला दूधवाला दिसला, त्यानं ठरवलं आणि त्यानं थांबवलं. आम्ही तिघं ‘अरे’ म्हणेपर्यंत ते सगळं होऊन गेलं होतं.

मास्तर फाउंड्रीच्या गेटवर उतरले. होलसेलवाल्याकडचं काम उरकून मी त्यांच्याबरोबर बसनं परत निघालो. खिडकीपाशी बसून ते आपल्या उजव्या पायाकडे बघत होते.

“माझा पाय मागनं पोचला,” ते म्हणाले.

“मास्तर, तिथं ब्रेकच नव्हता,” मी म्हणालो.

“त्ये ठाऊक हाय मला. खुळा हाय व्हय मी? इतकं दिवस मी मॅट दाबतोय, ह्ये मला म्हाईत न्हाई? खरं पाय दाबला की बरं वाटायचं. पोरगी हायवेला जाणार, आन् मी स्कूलमदी बसून पाय कुठं दाबू, सांगा की?” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “आज मॅटवर बी वेळंत पोचला न्हाई. ब्रेक असता, तरी उशीरच झाला असता.”

ज्या पायाच्या भरवशावर आमची पेठ रस्त्यात खुर्ची टाकून बसायची, त्या पायाबद्दल त्याचा मालक हे बोलत होता.

मग तेच पुन्हा बोलायला लागले, आणि या वेळी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी वेगळंच होतं. “खरं तुम्ही एक बघितलासा का? त्येनं आधी दाबला न्हाई. सगळ्या रस्त्यानं एकदा बी दाबला न्हाई. पोरीला चालवू दिलं. नेमक्या टायमाला दाबला. आन् दाबून झाल्यावर गाडी परत तिच्या हातात दिली. बडबड न्हाई, मीच वाचवली म्हणून मिजास न्हाई.” ते पायाकडे बघून मान हलवत राहिले. “दाबणं मी समद्यास्नी शिकीवलं. सोडणं अवघड हाय बगा. त्येला त्ये बी येतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करत होतो. समोर स्नेहलनं गाडी सुरू केली होती. मास्तर नेहमीसारखे इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले, डावीकडचं दार उघडलं. रोजचंच आहे, म्हणून मी माझ्या कामाला लागलो. पण गाडी पीं पीं वाजायला लागली, म्हणून बघितलं, तर सीटवर मास्तर नव्हते. सीटवर स्नेहलच्या डब्याची पिशवी होती. मालूकाकींनी डबा भरपूर भरलेला असावा, कारण गाडीला वाटलं, कुणीतरी पट्टा न लावता बसलंय. मास्तरांनी वाकून पिशवीवरून पट्टा ओढला आणि खटकन लावला. गाडी गप्प झाली. त्यांनी दार बंद केलं.

स्नेहल त्यांच्याकडे बघतच राहिली. एकटं जायचं म्हणून भांडणारी पोरगी, पण तिचाच आवाज हलला. “पप्पा... बसा की.”

“जा,” मास्तर म्हणाले. “घाबरू नगंस. त्यो हाय की.”

गाडी निघाली. मास्तर फूटपाथच्या कडेला उभे होते. त्यांची टाच फरशीवर रुतली होती आणि चप्पल पुढे दाबली जात होती. तालमीच्या कोपऱ्यावर बंडाआण्णाच्या म्हशी आडव्या आल्या. गाडीचे मागचे लाल दिवे लागले. स्नेहलनं ब्रेक दाबला, का गाडीनं, इथून कसं कळणार? मास्तरांची चप्पल मात्र फरशीवर आणखी घट्ट दाबली गेली. म्हशी सावकाश पलीकडे गेल्या. दिवे विझले. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली, तरी मास्तरांचा पाय तसाच होता.

मी रस्ता ओलांडून त्यांच्याजवळ गेलो. “मास्तर, गेली ती.”

“व्हय,” ते म्हणाले. मग हळूच त्यांनी उजवा पाय उचलला.

दोन्ही हात आता मोकळे होते. शिरोलीकडे जाणाऱ्या त्या रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून मास्तरांनी ते जोडले आणि डोळे मिटले. त्या बाजूला देऊळ नाही. नमस्कार कुणाला, ते मी विचारलं नाही. त्यांच्या शेजारी उभा राहून मीही हात जोडले.